न विचारणारी सीडी

त्या काळी दुर्गाघाटावर दुपारची बिजली हमखास जायची, आणि निमिषला त्याआधी काम उरकायचं होतं. आदल्या वर्षी त्याने याच कॉम्प्युटरवर लिनक्स ही कार्यप्रणाली हाताने बसवली होती. मशीन पावलोपावली विचारायचं, तो जपून उत्तरं द्यायचा. डिस्कचे दोन भाग करून एकाला त्याने बोटही लावलं नव्हतं.

त्या भागात त्याच्या आईने, कालिंदीने, टाइप केलेले, घराण्यात तोंडी चालत आलेले पाठ होते. सासरे ढुंढिराजशास्त्री सांगत गेले, ती उतरवत गेली. ते कुठेच छापलेले नव्हते. फ्लॉपीवरची नक्कल पावसाळ्यात बुरशीने गेली आणि नवी करायची राहूनच गेली. पुढे शास्त्रीबुवांना अर्धांगवायू झाला नि वाचा गेली.

"लिनक्सची ही सीडी नवीन आहे, आई. एकदा सुरू केली की सगळं आपोआप. झंझटच नाही."

"आपोआप म्हणजे? विचारत नाही ती?"

"विचारण्यातच तर टाइम जातो! मशीनला काय गुरुजी समजतेस?"

"माझं तेवढं सांभाळ रे बाबा. आधी मला हाक मार."

ती नैवेद्याच्या स्वयंपाकाला लागली. या घरात तो सोवळ्यात आणि मौनात व्हायचा. देवापुढे पान ठेवीपर्यंत शब्द काढायचा नाही, ही शास्त्रीबुवांची शिस्त.

पुरण आटत आलं होतं, तेव्हा निमिष दारात आला. "आई, करू ना सुरू? लाइट जाएगी."

कालिंदीने जोरजोरात मान हलवली. नको.

"अगं, मागच्या वेळी तरी कुठे काय गेलं होतं? उगाच घाबरतेस." तो हसून वळलासुद्धा.

हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं. समोरच्या बाजेवरून सासरे तिच्याकडेच बघत होते. ती लग्न होऊन आल्यापासून या घरात कुणी मौन मोडलं नव्हतं. तिने ओठ मिटले आणि पुरण ढवळू लागली.

नैवेद्य दाखवून ती ओल्या हातांनीच धावली. निमिषचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, सगळी डिस्क पुसून टाकली गं तिने. मला वाटलं, तुझा भाग सोडेल."

"विचारलं नाही?"

"एकदाच विचारलं. मी हो म्हटलं."

तेवढ्यात बिजली गेली. पंखा हळूहळू थांबला.

कालिंदी सासऱ्यांच्या उशाशी जाऊन बसली. त्यांचा डावा हात अजून हलत असे.

"मामंजी, पाठ गेले. आठवतील तसे म्हणते. चुकले तर हात हलवा."

पहिले काही सरळ आले. मग दोन ओळी मागेपुढे झाल्यासारख्या वाटल्या, म्हणून ती थांबली. हात चादरीवर तसाच पडून होता. डोळे तिच्यावर खिळलेले. बरोबर आलं म्हणून हात हलवला नव्हता, की त्यांनाही आता आठवत नव्हतं?

तिने पुढची ओळ मुद्दाम चुकवून म्हटली.

हात हलला नाही.