सवतीच्या भांडणाचे ठसे

खोआन मेला तो दोन्ही बायकांना एकमेकींच्या गळ्यात बांधून मेला. सवतीच्या भांडणाचं चित्र छापायचे त्याच्याकडे सहा लाकडी ठसे होते. त्यातले रंगांचे पाच त्याने थोरल्या मिएनला दिले आणि काळ्या रेषेचा एक, सगळ्यात शेवटी उठवायचा, तो धाकट्या शुयेनला. आता तुम्हाला एका चटईवर बसावंच लागेल, म्हणाला. जन्मभर दोन घरांत जेवलेल्या माणसाला जाता जाता सुचलेलं हे शहाणपण. त्याला वाटलं, आपण मोठं जुळवून दिलं.

रेषेशिवाय रंग म्हणजे नुसते डाग आणि रंगांशिवाय रेष म्हणजे कोरा सांगाडा. मिएनला हे कुणी सांगायला नको होतं. चाळीस वर्षं शिंपल्यांची पूड कागदाला तीच लावत आली होती, डोंगरातला लाल दगड तीच वाटत होती, बांबूची पानं जाळून काळा रंग तीच करत होती. छापायचीही तीच. कोरणं तेवढं खोआनचं. बायकांनी पटाशीला हात लावायचा नाही, असा त्याच्या घराण्याचा नियम होता.

चित्र तसं हसण्यासारखंच. मधे नवरा, त्याच्या कुशीत धाकटी, आणि समोर थोरली कात्री उगारून तिचे केस कापायला निघालेली. नव्या वर्षाला लोक ते हौसेने भिंतीवर लावत आणि पुढच्या वर्षी खरवडून नवं लावत. दोंग हो गावात हे चित्र इतरांकडेही होतं, पण मिएनच्या कात्रीला जी धार होती ती कुणाच्या नव्हती. का नव्हती, ते गावाला माहीत होतं.

गेलं वर्ष दोघींच्या हट्टात कोरडं गेलं. यंदाही चित्र बाजारात गेलं नाही तर गिऱ्हाईक कायमचं तुटणार, हे मिएनला स्वच्छ दिसत होतं. मग शेजारपाजारच्यांसारखे मेलेल्यांसाठी जाळायचे कागदी घोडे चिकटवत बसायचं. त्या घोड्यांचा तिला मनापासून तिटकारा होता. जाळायलाच जी वस्तू करायची तिच्यात जीव कशाला ओतायचा, असं ती म्हणे.

म्हणून दहाव्या महिन्यात मान खाली घालून ती गल्ली ओलांडून शुयेनच्या दारात गेली. ओसरीत खारवलेल्या वांग्यांचा रांजण होता आणि त्याच्यावर झाकण म्हणून रेषेचा ठसा ठेवला होता. वर एक धोंडा. मिएनच्या डोक्यात तिडीक गेली.

"मीठ लागतंय त्याला," ती म्हणाली.

"माझा आहे, ताई. मीठ लावीन नाहीतर साखर," शुयेन म्हणाली. "हवा असेल तर तुमचे पाच घेऊन इथे या. माझ्या ओसरीवर छापायचं. मी सांगीन तसं."

मिएन परत फिरली. घरी येऊन तिने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक जुनं चित्र चिकटलेलं होतं, वर्षानुवर्षं खरवडायचं राहून गेलेलं. ते तिने वाफेवर सोडवलं. कठीण लाकडाची फळी आणली, तिच्यावर चित्र पालथं चिकटवलं, ओल्या बोटाने मागचा कागद चोळून पातळ केला आणि खोआनच्या पटाश्या बाहेर काढल्या. घराण्याचा नियम खोआनबरोबर पुरला गेला होता, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं.

सव्वीस दिवस ती कोरत होती. दोनदा अंगठा कापला. कात्री मात्र एका बैठकीत उतरली.

बाराव्या महिन्याच्या आठ तारखेला तिने अंगणात पहिला कागद घेतला. जुन्या ठशांनी लाल उठवला, पिवळा, हिरवा, निळा, पांढरा. मग आपली रेष दाबली, मागून दोडक्याच्या जाळीने घासली आणि कागद उचलला. रेष रंगांपेक्षा मोठी झाली होती. एका कडेला बरोबर बसलेली, पण पुढे सरकावं तशी सुटत गेलेली. धाकटीचा हिरवा सदरा खांद्यावरून घसरला होता आणि थोरलीच्या ओठांची लाली गालावर गेली होती. तिने दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. तेच.

फाटकात शुयेन उभी होती. ठोकाठोकी महिनाभर तिच्याही कानावर येत होती. ती आत आली, कागद बघितला आणि बाहीने तोंड झाकून पोटभर हसली.

"पातळ खळ लावलीत ना? भिजला की कागद पसरतो, ताई. ते घट्ट खळ घ्यायचे, चिकट तांदळाची. नुसती वर फिरवायची आणि कागद लगेच दाबायचा. मीच धरायचे ना कागद."

"तू धरायचीस?"

"मग कोण? तुम्हाला काय वाटलं, ठसे जत्रेतून आणायचे ते?"

मिएनला वाटत आलं होतं की तो कोरतो ते एकटाच. खोआन धाकटीला घेऊन आठ-आठ दिवस परगावी लाकूड बघायला म्हणून जायचा आणि ठसा घेऊन यायचा. ज्या कामाला बायकांनी हात लावायचा नाही त्या कामात ही त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. रेषेच्या चुकीपेक्षा हे तिला फार लागलं. नवरा वाटून घेतल्याचं दुःख जुनं होतं, त्याला आता खपली धरली होती. पण काम तरी आपल्या एकटीचं, असं ती चाळीस वर्षं धरून चालली होती.

"उद्या सकाळी या पाच घेऊन," जाताना शुयेन म्हणाली. "हाताखाली बसवून घेईन."

दुपारभर मिएन तो फसलेला कागद मांडीवर घेऊन बसली. रडावंसं वाटलं, पण रडणं शुयेनच्या घरापर्यंत ऐकू गेलं असतं. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की खोआनचे रंगांचे ठसे काही आकाशातून पडले नव्हते. आधी रेष कोरायची, रेषेवरून कागद काढायचे, त्यावरून रंग. रेषेला जे जुळत नाहीत ते रंग टाकायचे. आणि रेष तर आता तिची होती.

सकाळी तिने खळीचं पातेलं चुलीवर चढवलं आणि खाली एकेक करून खोआनचे ठसे सारले. पांढरा गेला, निळा गेला, हिरवा, पिवळा. लाल हातात घेतला तेव्हा ठशाच्या पाठीवरच्या मुठीच्या खोबणीत तिची बोटं आपोआप बसली. चाळीस वर्षांत तिच्याच बोटांनी ती खोबण घासून केली होती. क्षणभर तिने तो छातीशी धरला आणि मग तोही आत सारला.

रंग जळल्याचा वास येताच शुयेन धावत आली ती बगलेत रेषेचा ठसा घेऊन. तो धुऊन पुसून लख्ख केलेला होता.

"जाळलेत?" तिचा आवाज चिरकला. "मी दोन चटया टाकल्यात, ताई. आता याचं काय करू मी?"

"झाकण," मिएन म्हणाली. "वांगी उघडी पडली असतील."

शुयेन लाल ठसा पुरता पेटेपर्यंत उभी होती. मग गेली. पातेल्यातली खळ मिएनने चांगली घट्ट होऊ दिली.

नव्या वर्षाआधीच्या शेवटच्या, सव्वीस तारखेच्या बाजारात तिची चित्रं मांडली गेली. रंग तीनच, बाकीचे ठसे नव्याने कोरायला वेळ पुरला नव्हता. गिऱ्हाईक थोडं कुरकुरलं, पण कात्री बघून थांबलं. दुपारपर्यंत गठ्ठा संपला.

परत येताना शुयेनच्या घरातून पटाशीची ठोक ऐकू आली. मिएन फाटकाशी थांबली. रांजणावर पत्र्याचं झाकण होतं. शुयेन स्वतःच्या रेषेवरून रंगाचा पहिला ठसा कोरत होती, आणि शेजारी वाटीत लाल रंग कालवून ठेवला होता. मिएनने लांबूनच ओळखलं की त्यात खळ घातलेली नाही, नुसतं पाणी. असा रंग भिंतीवर आठवडाभरही टिकत नाही, हात लावला की बोटाला येतो. टोमणा अगदी ओठांवर आला. पण टोमण्यातून काय काय निसटतं, ते ती नुकतीच शिकली होती.

"रंग झकास जमलाय, धाकटे," ती म्हणाली आणि घरी गेली.