ब्याद

नेकनूरच्या भिवराबाईच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असायचा. ओलं सरपण धुरकटलं, की 'ब्याद'. रात्रंदिस कुरकुरणारी बाज, धारेला बसलं की लाथ झाडणारी म्हैस, वेठीला माणसं धरायला येणारा निजामाचा चपराशी, साऱ्यांना हेच नाव. बाज शेवटी मोडून चुलीत गेली. म्हैस बाजाराला गेली. चपराशी तेवढा काही जाईना.

सून मंजुळा हे सगळं बघत आली होती. म्हणून बारशाच्या सकाळी सासू म्हणाली, "पोरीचं नाव ब्याद ठेवायचं," तेव्हा तिनं लेकराला जवळ ओढलं.

सासूचं म्हणणं उगाच नव्हतं. आधीची दोन लेकरं, राजा आणि सोनी, तापाच्या साथीत गेली होती. अशा घरात पुढच्या लेकराला टाकाऊ नाव द्यायची रीत. मरणाला वाटावं, ही नकोशी वस्तू, कशाला न्या.

"मग दगडी म्हणा," मंजुळा म्हणाली.

"दगड कोणबी उचलतंय. ब्यादीला कोण हात लावील?"

"मी साखरा म्हणायचं ठरवलंय, आत्याबाई."

"साखर म्हणल्यावर मुंग्या लागत्यात, बाई."

"मुंग्या मी झटकीन."

सासूनं सुपातले गहू जरा जोरात पाखडले.

तिसऱ्या प्रहरी आळीतल्या बाया जमल्या. पाळण्याला लिंबाचा डहाळा बांधला. नणंद छबुबाई नाव सांगायला लेकराच्या कानाशी वाकली. भिवराबाईनं तिला काय सांगितलंय ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. मंजुळानं पटकन लेकराच्या कानावर तळहात ठेवला.

"वन्स, थांबा."

मग ती सासूकडं वळली.

"आत्याबाई, तुमी ज्याला ब्याद म्हणता ते या घरात टिकत न्हाई. बाज गेली, म्हैस गेली. मला माझी लेक टिकवायचीय. ते नाव मला द्या. मरण दारात आलं तर आधी मीच आडवी पडीन. उंबऱ्यातच ब्याद बसलेली बघितल्यावर आत कोण यील?"

भिवराबाईनं पदरानं नाक पुसलं. "आन तूच न्हाई टिकलीस तर?"

"मी चपराशासारखी हाय. मी काही जात न्हाई."

आधी एक म्हातारी हसली, मग सगळ्याच. छबुबाईनं आईकडं पाहिलं. भिवराबाई कितीतरी वेळ पाळण्याची दोरी चाचपत राहिली.

"सांग तिला," ती शेवटी म्हणाली. "साखराच सांग. पण हळू सांग, भायेर जाऊ दिऊ नको."

मंजुळानं हात काढला.

दुसऱ्या सकाळी भिवराबाई खिरीची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "ए ब्यादे, गरम हाय तवर खाऊन घी."

"आले," मंजुळाही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. मग लेकराला मांडीवर घेऊन, दाराकडं तोंड करून ती खायला बसली.