पोकुआचा हात आणि बोआडूचे मुसळ

मित्रांनो, मी एक उखळ आहे, आणि वयाने म्हणाल तर आता जुन्यातच जमा. घानातल्या तेचिमान गावी, बोआडू आणि पोकुआ या नवरा-बायकोच्या अंगणात माझे आयुष्य गेले.

एका टणक झाडाच्या बुंध्यातून अनिम नावाच्या म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. वाकसाचे घाव घालून त्याने माझे पोट कोरले, आतून घासून गुळगुळीत केले आणि तडा जाऊ नये म्हणून तेल चोळून महिनाभर सावलीत ठेवले. पोकुआच्या लग्नात तिची आई सेरवा मला बाजारातून डोक्यावर घेऊन आली. वाटेत तिने कोणालाही हात लावू दिला नाही.

माझे काम फुफूचे, म्हणजे सुपात बुडवून न चावता गिळायच्या मऊ गोळ्याचे. उकडलेले कसाव्याचे कंद आणि कच्ची केळी माझ्या पोटात पडतात. एक जण उभा राहून लांब मुसळाने कांडतो. दुसरा समोर बसून दोन घावांच्या मध्ये ओला हात आत घालतो आणि गोळा उलटतो. मुसळ वर गेले की हात आत, हात बाहेर आला की मुसळ खाली. बोआडू कांडायचा आणि पोकुआ उलटायची. पहिली कितीतरी वर्षे मला पोकुआच्या हाताची कधी काळजी वाटली नाही, कारण दोघांचे तोंड अखंड चालू असायचे.

"मीठ घातलंस का गं?"

"फुफूत मीठ? तुझ्या आईनं काय काय खायला घातलंय तुला, देव जाणे!"

"माझ्या आईचं नाव काढू नकोस. मुसळ माझ्या हातात आहे."

"आणि जेवण माझ्या हातात आहे, विसरू नकोस."

असे हसत-बोलत गोळा लोण्यासारखा मऊ व्हायचा. या घरच्या फुफूत गुठळी शोधून दाखवा, असे शेजारी म्हणायचे. मला तेव्हा वाटे, ही माझ्या लाकडाची तारीफ आहे.

मग बोआडूच्या कानात एक वायर आली. तो मालमोटारींची चाके दुरुस्त करायचा. दिवसभर हातोड्याचा आवाज ऐकून कंटाळलेला हा माणूस संध्याकाळी फोनवर फुटबॉलचे समालोचन लावायचा. आधी फक्त सामन्याच्या दिवशी. नंतर रोज. पोकुआ बायकांच्या वेण्या घालायची. दिवसभर लोकांच्या गोष्टी ऐकून ती संध्याकाळी आपली एखादी सांगू पाही.

"ऐकतोयस ना?"

"हं."

"काय म्हणाले मी?"

"हं... चांगलं झालं."

"माझी गिऱ्हाईक पडून तिचा पाय मोडला, हे चांगलं झालं?"

हळूहळू पोकुआ बोलेनाशी झाली. अंगणात फक्त मुसळाचा धप् धप् आवाज उरला. त्या शांततेत प्रत्येक घावाला माझ्या अंगावर काटा येई. तिचा हात आत येई, तेव्हा वर बोआडूचे डोळे कुठेतरी कुंपणापलीकडे असत. नुसत्या सवयीवर दोन जीव चालले होते, आणि मला ओरडायला तोंड नव्हते.

त्या शुक्रवारी गोळ्यात कसाव्याचा एक जाड धागा अडकला. पोकुआने तो ओढायला बोटे खोल घातली.

"थांब," ती म्हणाली.

मुसळ वर गेले होते.

"बोआडू, थांब!"

त्याच्या कानात त्याच क्षणी कोणीतरी गोल केला असावा. मुसळ खाली आले.

त्या आवाजाबद्दल मी जास्त सांगणार नाही. मधले बोट आणि त्याच्या शेजारचे, दोन्ही माझ्या तळाशी चिरडली. पोकुआ किंचाळली नाही. तिने हात छातीशी धरला आणि नवऱ्याकडे पाहिले. बोआडूच्या कानातून वायर गळून माझ्यात पडली. तिच्यातून अजून बारीक आवाजात माणसे जल्लोष करत होती.

दवाखान्यातून ती हाताला प्लास्टर घालून आली. वेण्या घालणारी बाई, आणि नेमका उजवा हात! डॉक्टर म्हणाले होते की बोटे वाचतील, पण पूर्वीसारखी चालतील की नाही ते सांगता येत नाही. नकोरान्झा गावाहून सेरवा धावत आली. तिने बोआडूला नखशिखांत न्याहाळले.

"जावईबापू, चांगलं सांभाळलंत हो माझ्या लेकीला! पोकुआ, हे उखळ आधी फोडून चुलीत घाल. आणि प्लास्टर निघालं की मी न्यायला येते. तिकडेच राहा."

पोकुआने नाही म्हटले नाही.

मला भिंतीशी उपडे टाकले गेले. कोंबड्या माझ्यावर येऊन बसत. कुऱ्हाड समोरच्या खांबाला टेकवलेली होती आणि मी रोज सकाळी तिच्याकडे पाहत असे. घरात शब्द पडत नव्हता. बोआडू सूप करायचा, ती दोन घास खाऊन ताट सारायची. त्याने किती वेळा माफी मागितली! ती फक्त म्हणायची, "ऐकलं."

तिच्या डोक्यावरच्या जुन्या वेण्या आता सोडायला झाल्या होत्या. एका हाताने ते होईना. एका संध्याकाळी ती दातांत कंगवा धरून झगडत बसली होती. बोआडू मागे स्टूल घेऊन बसला.

"मी सोडतो."

"तुला नाही येणार."

"मग शिकव."

ती उठून गेली नाही. चाके उघडणाऱ्या त्या जाड बोटांनी तो एकेक बारीक वेणी उलगडू लागला. फोन घरात होता. पहिल्या संध्याकाळी ती एवढेच बोलली, "ओढू नकोस." दुसऱ्या संध्याकाळी, "किती सावकाश! माझी गिऱ्हाइकं एव्हाना म्हातारी झाली असती." तिसऱ्या संध्याकाळी कानामागची वेणी सुटली आणि त्याचा हात थबकला. तिथे केसांखाली बोटभर लांबीचा व्रण होता.

"हे कधी झालं?"

"ईस्टरच्या आधी. बाजारात पडले, लोखंडी पत्रा लागला."

"मला कसं नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," पोकुआ म्हणाली. "दोनदा."

मित्रांनो, मी मुसळाचे लाखो घाव सोसले आहेत. तसा घाव बोआडूवर पडताना मी पाहिला. तो म्हणाला, "आता सांग. सगळं सांग." आणि तिने सांगितले, पत्र्याचे, रक्ताचे, कोणी पाणी दिले त्याचे, एकटीने घरी आल्याचे. तो मध्ये एकदाही बोलला नाही.

पण राग एवढ्याने जात नाही. प्लास्टर निघाले. एक बोट ताठच राहिले. आई शनिवारी येणार होती आणि पोकुआने बोचके बांधून ठेवले होते.

शनिवारी दुपारी बोआडूने मला सुलटे केले, घासून धुतले, कसावा उकडून माझ्यात घातला. मुसळ त्याने पोकुआच्या पुढ्यात धरले. स्वतः खाली बसला, हात पाण्यात बुडवला आणि माझ्या पोटात ठेवला.

"तू कांड."

"वेड लागलंय का? माझी पकड अजून धड नाही."

"माहीत आहे."

"आणि राग आहे तसाच आहे."

"तेही माहीत आहे."

"हात काढ, बोआडू."

"तू मुसळ उचललंस की उलटून काढीन."

पोकुआने मुसळ उचलले. माझ्या आत त्याचा हात गोळ्याखाली सरकला. मला त्याची नाडी कळत होती. मुसळाआड पोकुआचा चेहरा मला दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त मुसळाचे झिजलेले टोक.

"काढला?" ती म्हणाली.

"काढला."

मुसळ पडले ते माझ्या काठावर. ढलपी उडाली. ती दचकली, तो हलला नाही. त्याने पुन्हा हात आत घातला.

"काढला?"

"काढला."

"नीट सांग, मोठ्यानं!"

"काढला गं बाई, काढला!"

प्रत्येक घावाला ती विचारत होती आणि प्रत्येक घावाला तो सांगत होता. मध्येच कधीतरी तिच्या गालांवरून पाणी ओघळू लागले, पण मुसळ तिने खाली ठेवले नाही.

सेरवा आली तेव्हा दोघे एका ताटात जेवत होते. तिने उभ्याउभ्याच एक घास उचलला आणि तोंड वाकडे केले.

"हे गिळायचं की चावायचं? नुसत्या गुठळ्या!"

"चाव, आई," पोकुआ म्हणाली. "बस, हात धू. मी येत नाही आज."

मित्रांनो, तिचे ते बोट अजून ताठ आहे आणि वेण्यांना तिला दुप्पट वेळ लागतो. झालेले झाले नाही असे होत नाही. तुमच्या घरातले कोणी रोज तुमच्या भरवशावर हात पुढे करत असेल. आज घरी गेलात की त्या माणसाला विचारा, "आज काय झालं?" आणि त्याचे सांगून होईपर्यंत तिथून उठू नका.