झाकणंच सगळी

खिशातली अंगठी अजून ओलसर होती — वाळूचे दोन-चार कण आतल्या कडेला चिकटलेले, बोटाला टोचत होते — आणि अंगठीची मालकीण, चपला हातात घेऊन, त्याच्या मागोमाग चालत होती.

"अजून थोडं पाण्याकडे बघू या का, काका?"

"बघू की." सोनं शोधायच्या यंत्राची चकती त्याने वाळूवरून इकडून तिकडे फिरवली. बघतोय काय, कपाळ!

चोरी करायची नव्हती त्याला... नव्हती ना? सवय, नुसती सवय. किनाऱ्यावर यंत्र घेऊन फिरणाऱ्याला येणारा-जाणारा विचारणारच, सापडलं का काही, आणि या नादाला लागलेले सगळे एकच उत्तर देतात — कुठलं हो, बाटल्यांची झाकणंच सगळी — नाहीतर उद्या अख्खा गाव फावडी घेऊन हजर. मघाशी ही धापा टाकत आली, "काका, तुम्हाला काही—" एवढंच बोलली, आणि याच्या तोंडून निघूनही गेलं, झाकणंच सगळी. मग ती मटकन खाली बसली. "बाबांची होती हो. ते गेले तेव्हा आईने त्यांच्या बोटातली काढून मला दिली." तेव्हाच हात खिशात जायला हवा होता. अगं, ही काय! — संपलं असतं. पण आत्ताच नाही म्हणालेलो मी, आता कुठल्या तोंडाने... आणि मी म्हणालो, चला, शोधू या. मी! स्वतःची पोरगी शाळेला दांडी मारून खोटं बोलली तेव्हा घर डोक्यावर घेणारा मी.

शेवटी तिची नजर लाटांकडे वळलेली पाहून त्याने अंगठी हळूच खाली सोडली, पायाने वर वाळू ओढली आणि चकती तिथे नेली. यंत्र केकाटलं.

"इथे उकर," तो म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी उकरलं आणि किंचाळलीच. अंगठी गालाला लावली, हसली, रडली, मग वाळूने भरलेल्या हातांनी त्याचा हात घट्ट धरला.

"देवासारखे भेटलात, काका. दुसरा कुणी असता ना, तर खिशात घालून चालता झाला असता."

"छे, छे... असं कसं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं त्याला — खरंच वाटलं, क्षणभर. पण ती पुन्हा पुन्हा तेच बोलत होती, हात सोडत नव्हती, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण मान जराशी झुकवून, भल्या माणसासारखं हसत, ऐकत उभे आहोत... आणि तिने अजून एकदा म्हणावं, अशी वाट बघतोय.