सिमेंटातली कणगी

मित्रांनो, जरा सरकून बसा, माझं पोट मोठं हाय. मी एक जुनी कणगी. निरगुडीच्या फोकांची इणलेली, बियाणं ठिवायची, माणसाच्या छातीयेवढी उंच टोपली. हरिबाआबांनी मेंढरं इकून शिरूरकडं शेती धरली, तवा पहिल्याच साली मला इणलं. एकदा माझ्यात शेळी पडली. चार दिसांनी निघाली ती दोन करडं घेऊन! खोटं वाटत असंल तर शेळीला इचारा.

आबांची सून अनसाबाई. दर उन्हाळ्यात ती मला शेणामातीनं सारवायची, राख आन् कडूलिंबाचा पाला घालून बाजरीचं बी भरायची, तोंडबी शेणामातीनंच लिंपायची. "कणगीला दम घेता आला पायजे," असं ती सुनेला, धनश्रीला, सांगायची. धनश्री मान हलवायची आन् पदराआड हसायची.

ही बाजरी साधी न्हाई बरं. कणसाला लांब कुसं, पाखराची चोचच आत जाईना. दोन हजार दोनच्या दुष्काळात इकतचं बी करपलं, ही तेवढी उभी ऱ्हायली. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतली अठरा घरं माझ्यावर डोळं लावून बसली व्हती.

त्यातच अनसाबाई राहू गावाला लेकीच्या बाळंतपणाला गेली, आन् हिकडं उंदरानं मला भोक पाडलं. धनश्रीच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारचा अयुब गवंडी. कारेगावात कामगारांच्या खोल्या बांधायचा. म्हणाला, "वहिनी, काळजी सोडा. असा कोट चढवतो, उंदराचं दात पडतील."

उरलंसुरलं सिमेंट आणून त्यानं मला तोंडासकट गुळगुळीत केलं. जाताना बजावलं, "सात दिस पाणी मारा हां, न्हाईतर तडं जातील."

पयल्या दिशी मी लई मिरवले. तिसऱ्या दिशी ओल आत आली. पाचव्या दिशी पोट तापाया लागलं. दाणं एकमेकांना चिकटाया लागलं. अठरा घरांचं बी माझ्यात सडत व्हतं, आन् मला हाक मारता येईना! धनश्री बिचारी टँकरचं पाणी, सोताची अंघोळ टाळून, सांज-सकाळ माझ्यावर वतायची. कळशी दिसली की माझ्या काळजात धस्स व्हायचं.

नवव्या दिशी अनसाबाई आली. पिशवी खाली न ठिवताच तिनं माझ्यावर हात ठिवला.

"ही तापलीय गं! कुणी केलं हे?"

"आत्याबाई, उंदीर लागला व्हता... अयुबभाऊंनी..."

"अगं, बियाणं ठिवलंय का बंगला बांधलाय? बोलीव त्याला. हातोडी घिऊन ये म्हणावं."

अयुब आला. आपलाच कोट त्यानं आपल्याच हातानं फोडला. आतनं आंबूस वाफ निघाली. कडंचं बी काळं पडलं व्हतं. मधलं बरं दिसत व्हतं, पर दिसण्यावर कोण पेरील? अनसाबाईनं ते सावलीत पसरलं, शंभर दाणं मोजून वल्या गोणपाटात गुंडाळलं. तीन दिस घरात कुणाला घास ग्वाड लागला न्हाई. मीबी फुटक्या कुशीनं त्या गोणपाटाकडंच बघत व्हते.

उघडलं तर एकोणसत्तर दाण्यांना मोड!

"पेरताना मूठ दाट धरा, उगवंल," अनसाबाई म्हणाली. पर बीच कमी. बारा घरांना पुरलं. पाच घरं रिकामा पदर घिऊन परतली. अयुब मुद्दाम सगळ्यांच्या मागं उभा ऱ्हायला व्हता.

"मावशी, मला नगं. माझ्यापायीच गेलं हे."

अनसाबाईनं बी पसरलं व्हतं तिथं हात फिरवला, खरवडून एक मूठ गोळा केली आन् त्याच्या हातावर ठिवली.

"घे. परड्यात लाव, राखणीला बस. माझ्या वाट्याचंबी ह्यातच हाय. त्या पाच घरांचं बी पुढच्या साली तू आणून द्यायचं."

अयुबनं मूठ अशी मिटली, जशी आत पाखराचं पिल्लू हाय.

मित्रांनो, अनसाबाई राहूला आनखी आठ दिस ऱ्हायली असती तर? त्या इचारानं मला अजून घाम फुटतो. तुमच्या घरात असा नुस्त्या हातानं वळखणारा माणूस असंल, तर त्याच्याजवळ बसा, त्याचा हात धरून शिका. आन् आमच्यासारख्या जुन्या वस्तूला नवं कायबी लावायच्या आधी त्याला एकदा इचारा. उद्या इचारू म्हणू नका, बाळांनो. आजच इचारा.