लाल रिंगचा ठसा

मित्रांनो, मी लाल रबराची एक जुनी रिंग आहे. हवा भरली की फुगते, मधे ताटलीएवढं भोक. तुम्ही मला पोहायची रिंग समजाल, पण मी पाणी पाहिलं ते फक्त दवाखान्यातल्या बादलीतलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली मला ठेवत. हाड भोकात अधांतरी राहावं आणि पाठीला जखम होऊ नये, म्हणून. निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

माझा जन्म केरळातला. रबराच्या झाडाला तिरकी चीर देतात, करवंटीत चीक गोळा करतात, त्याच्या लाद्या धुरावर वाळवतात. तिथून मी कारखान्यात गेले, साच्यात बसले आणि एक दिवस पुठ्ठ्याच्या खोक्यातून डोंगरउतारावरच्या एका मिशनच्या दवाखान्यात आले. पुरुषांच्या वॉर्डाची मुख्य नर्स होती एलियाम्मा. हाताखालच्या पोरी तिला चेची म्हणत, म्हणजे ताई. तिनं मला बाहेर काढलं, दाबून पाहिलं आणि म्हणाली, "आता बघते, माझ्या वॉर्डात कुणाच्या पाठीला जखम होते ती!"

बावीस वर्षं तिनं मला जपलं. सायकलच्या पंपानं हवा भरायची, पावडर लावायची, अभ्र्यात गुंडाळून ठेवायची. दुसऱ्या वॉर्डानं मला मागितलं की नेमकी कपाटाची किल्ली सापडत नसे. घरी जाणारे रोगी आधी देवाचं नाव घेत, मग डॉक्टरांचं, मग माझं. मी फुगून बसायचे, नाही तरी माझं कामच ते. काही जणांना जखमा व्हायच्याच. तेव्हा चेची म्हणायची, "रिंग होती म्हणून एवढ्यावर निभावलं." मलाही ते पटायचं.

मग पंकजाक्षन आला. माडी काढणारा, चाळिशीचा. माडावरून पडून त्याचा कणा मोडला होता. कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं. चिमटा काढा, चटका द्या, सगळं सारखंच. त्याची बायको विलासिनी त्याला कंजी, म्हणजे भाताची पेज, भरवायची आणि हा घासाघासाला बडबडायचा. "मडकं फुटलं नाही म्हणून मालक खूश आहे, कणा काय, माझाच होता." आणि चेचीला म्हणायचा, "खाली काही गडबड झाली तर तुम्हीच कळवा हो. आमच्याकडे तिकडची बातमी येत नाही."

डॉक्टरांनी विलासिनीला सांगितलं होतं, पाठ शाबूत राहिली तर दोन महिन्यांत हा चाकाच्या खुर्चीत बसून घरी जाईल. जखम होऊन हाडापर्यंत चिघळली तर वाचणंही कठीण. म्हणजे सगळं त्या वीतभर कातडीवर होतं, आणि त्या कातडीखाली मी होते.

पंधरा दिवसांत तिथं जांभळी कड उठली. मग कातडी सोलली. चेचीनं आजूबाजूला स्पिरिट चोळलं, माझ्यात आणखी चार पंप हवा भरली. जखम वाढतच गेली.

वॉर्डात जिन्सी नावाची नवी नर्स आली होती, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. ती म्हणाली, "चेची, रिंग काढून बघू या का? रिंगच्या कडेनं रक्त अडतं, मधली कातडी उपाशी राहते. त्यापेक्षा दर दोन तासांनी कुशीवर वळवावं. कितीतरी दवाखान्यांनी तपासून पाहिलंय हे."

"पुस्तकातल्या रोग्याला घाम येत नाही, पोरी. तुझं जेवढं वय, तेवढी माझी नोकरी झालीय."

"भांडा, भांडा," खाटेवरून पंकजाक्षन म्हणाला. "ज्याची पाठ आहे त्याला काही दुखत नाहीये."

जिन्सी हसली नाही आणि भांडलीही नाही. तिनं जुन्या एक्स-रेची फिल्म धुऊन काचेसारखी स्वच्छ केली. दर सोमवारी जखमेवर ती फिल्म धरायची, कडेकडेनं पेन फिरवायचा आणि खाली तारीख घालायची. शिवाय जेवणाच्या सुट्टीत तिनं वॉर्डाच्या दोन वर्षांच्या फाईली चाळल्या. रिंग एकच, त्यामुळे बाकीच्यांना नातेवाईक नुसते कुशीवर वळवायचे. तिसऱ्या सोमवारी तिनं चेचीपुढे कागद ठेवला. रिंगवर अकरा जण, जखमा सात. रिंगशिवाय चौदा, जखमा दोन.

"अगं, जास्त आजारी असेल त्यालाच मी रिंग देते," चेची म्हणाली. "त्यांना जखमा जास्त होणारच."

"खरं आहे. म्हणून नुसत्या आकड्यांवर मीही विसंबले नाही," जिन्सी म्हणाली. तिनं मला पंकजाक्षनखालून काढलं, पुसलं, टेबलावर ठेवलं आणि ती फिल्म माझ्यावर पसरली. जखमेची कमान माझ्या आतल्या कडेवर तंतोतंत बसली.

चेचीनं त्या कमानीवरून बोट फिरवलं. मग ती उठली आणि तिनं स्वतःच्या हातांनी पंकजाक्षनला कुशीवर वळवलं. त्या दिवसापासून दर दोन तासांनी त्याला वळवू लागले. फिल्मवरच्या रेघा हळूहळू आत सरकू लागल्या. जखम भरायला पाच महिने लागले.

मी कपाटात होते, हवा काढलेली. मित्रांनो, आपण बावीस वर्षं माणसांना इजा करत होतो हे कळल्यावर एखाद्याला रडू आलं असतं. मला काहीच झालं नाही. पंकजाक्षनला जशी त्याची जखम कळत नव्हती, तसंच.

घरी जायच्या दिवशी विलासिनी फणसाचे तळलेले गरे घेऊन चेचीकडे आली. रिंग का काढली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "चेची, एक मागू? ती लाल रिंग आम्हाला द्या. तिनंच वाचवलं यांना. आता पडूनच असते म्हणे. जिवापाड जपेन."

दवाखान्याची वस्तू देता येत नाही, एवढं म्हणून सुटता आलं असतं. जिन्सीनं मान खाली घातली होती. चेचीनं कपाट उघडलं, मला हातात घेतलं आणि म्हणाली, "विलासिनी, ती जखम या रिंगनंच केली. रिंग मी ठेवली होती. ही पोर सांगत होती, तरी मी ऐकलं नाही. तुमचे चार महिने माझ्यामुळे गेले."

विलासिनीचा पुढे आलेला हात तसाच राहिला.  तिनं विचारलं, "आणि आधी ज्यांना दिली होती, त्यांना?"

"त्यांनाही," चेची म्हणाली.

तिनं पट्ट्या कापायची कात्री घेतली आणि मला दोन ठिकाणी कापलं. मला दुखलं नाही.  विलासिनीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "कसं वळवायचं ते परत एकदा दाखवा मला." चेचीनं दाखवलं, सावकाश, दोनदा.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. बावीस वर्षं मला पावडर लागली, अभ्रे मिळाले, आणि माझ्या खुणा ज्यांच्या पाठीवर राहिल्या त्यांची नावंही मला माहीत नाहीत. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं आणि कुणी प्रेमानं माझ्यासारखी रिंग घेऊन आलं, तर तिचं कौतुक ऐकत बसू नका. त्या माणसाला कुशीवर वळवा आणि कातडी बघा. त्याला सांगता येणार नाही.