पाळण्याखालची जागा

शराफतनं बागेतला चक्री पाळणा एकतीस वर्षं चालवला, आणि तेवढ्या वर्षांत तिची आई एकदाही बागेत आली नाही. घर दोन गल्ल्यांवर, तरी नाही. बागेत कामाला असलेल्या इतर बायकांच्या आया दुपारी गरम शोरबा घेऊन यायच्या. शराफत घरून आणलेला नान चहात बुडवून खायची. आपली नोकरी आईला हलकी वाटते, असं ती धरून चालली होती. आई जाऊन पंधरा वर्षं झाली तरी तो सल गेला नव्हता.

यंदा कारंजं बांधायला बाग खणायला घेतली. गंजलेला पाळणा कापून नेला, त्याखालचा चौथरा फोडला, आणि तिसऱ्या दिवशी काम थांबलं. शराफत बघायला गेली, तर मातीत हाडं. काही मोठी, काही करंगळीएवढी. मजूर मागे सरले होते.

गल्लीतला सगळ्यात जुना माणूस, नव्वदीचा हबीबुल्ला अमाकी, सगळ्या गल्लीचा काका, काठी टेकत आला.

"अमाकी, हे काय?"

"कबरस्तान होतं इथं. त्याच्याही आधी खानाची जर्दाळूची बाग. मी नऊ वर्षांचा असताना सगळं सपाट केलं, वर रस्ते आखले, मधोमध पुतळा बसवला. पुढे तो काढून दुसरा बसवला."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"बोलले ते परत आले नाहीत."

तो खड्ड्याच्या कडेशी गेला. मग म्हणाला, "तुझ्या आईनं, मस्तुरानं, तुला सांगितलंच नाही का?"

"काय?"

"तुझ्याआधी बारा वर्षं तिला एक मूल झालेलं. चाळीस दिवसही जगलं नाही. इथंच ठेवलं होतं. सपाट करत होते तेव्हा तुझी आई कुंपणाशी उभी होती, तोंडात पदर कोंबून. मला वाटलं, तुला ठाऊक आहे पोरी. ठाऊक असून इथं काम करते म्हणून बायका तुला नावं ठेवायच्या."

शराफत तिथंच मातीच्या ढिगावर बसली. संध्याकाळी ती घरी आली की आई दारातच तिचे बूट काढून घ्यायची. तळांना लागलेली बागेतली माती धुवायची आणि ते पाणी गटारात न सांडता द्राक्षवेलीच्या मुळाशी घालायची. "ओयी, एवढी किळस येते माझ्या कामाची?" एकदा शराफत आईला ताडकन बोलली होती. आई दुसरा बूट धुवत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी इमामसाहेब हाडं गोळा करायला आले. नव्या कबरस्तानात सगळ्यांना एकत्र ठेवायचं ठरलं होतं.

"लहानग्यांना वेगळं काढता येईल?" शराफतनं विचारलं.

"आपा, अठ्ठावीस आहेत. कुठलं कुणाचं, कसं सांगू?"

शराफत घरी गेली. स्वतःच्या कफनासाठी पेटीत घडी करून ठेवलेलं पांढरं कापड तिनं आणून दिलं. "मग सगळ्यांनाच ह्यात गुंडाळा."

"दुआत नाव घेतो. काय नाव होतं?"

तिनं शेजारी उभ्या अमाकीकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मुलगा की मुलगी?" इमामसाहेबांनी विचारलं.

तेही ठाऊक असणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"मस्तुराचं मूल," शराफत म्हणाली. "एवढंच म्हणा."

बायका कबरस्तानात जात नाहीत. गाडी वळेपर्यंत ती कोपऱ्यावर उभी राहिली, मग घरी जाऊन गेलेल्यांच्या नावानं तळतात त्या पुऱ्यांसाठी तिनं कणीक मळायला घेतली. कढईत तेल तापलं, त्या वासानं शेजारीण डोकावली.

"आज कुणासाठी गं?"

"माझ्या थोरल्या भावंडासाठी," शराफत म्हणाली. एकोणसत्तर वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. शेजारीण बाह्या वर सारून कढईसमोर बसली आणि पुऱ्या उलटू लागली.